एकोणीस घरांची साखळी

आर्डिथ केसिंजरला मार्लो फोर्कमधले अठरा टेलिफोन नंबर तोंडपाठ होते. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने ते ओळीने म्हणून दाखवले असते, वाल्डा क्रॅब्ट्रीपासून ऑर्व्हिल टीगपर्यंत. तिचं घर गावाबाहेर, खडीच्या रस्त्याच्या टोकाला होतं. नवरा हॉलिस जाऊन अकरा वर्षं झाली होती. स्वयंपाकघराच्या भिंतीवर पिवळट पडलेला फोन होता, आणि त्याची वायर इतकी लांब की रिसीव्हर खांद्याशी दाबून चुलीपर्यंत जाता यावं. त्या घरात बोलणारं असं तेवढंच उरलं होतं.

प्रार्थनेची साखळी तिनेच सुरू केलेली. हॉलिस शिशाच्या खाणीत कामाला होता. एका जानेवारीत खाणीचं छत त्याच्या पाठीवर आलं आणि त्याला साठ मैलांवरच्या इस्पितळात नेलं. आर्डिथला सातवा महिना होता, बर्फ पडत होतं, हॉलिसने नेलेली गाडी खाणीवरच अडकलेली. तिने वाल्डाला फोन केला. "हॉलिससाठी प्रार्थना कर, आणि पुढच्या घरी सांग." वाल्डाने पुढे सांगितलं, त्यांनी त्यांच्या पुढे. शायलो बॅप्टिस्ट चर्चची सगळी घरं संपली तेव्हा निरोप ऑर्व्हिल टीगपाशी येऊन थांबला. आता कुणाला कळवायचं हे त्याला सुचेना, म्हणून त्याने आर्डिथलाच फोन लावला.

"आर्डिथ, हॉलिससाठी प्रार्थना करायची आहे म्हणे. तुला कळलं का?"

ती रडत होती ती हसायला लागली. हॉलिस वाचला. दोन महिन्यांनी डेला जन्मली.

तेव्हापासून नियम ठरून गेले. आलेली विनंती कागदावर लिहायची, वाचून दाखवायची, पुढच्या घरी द्यायची. पदरचं काही घालायचं नाही. विनंती योग्य की अयोग्य हे पहिल्या घराने ठरवायचं नाही. आणि शेवटच्या घराने पहिल्या घराला फोन करून ती पुन्हा वाचून दाखवायची, म्हणजे प्रार्थना गावभर फिरून घरी आली असं समजायचं.

दुरुस्तीचा नियम मागाहून आला. म्हातारा प्लेझंट गँट हर्नियासाठी इस्पितळात गेला होता. साखळीच्या निरोपात नवव्या घरापाशी कुठेतरी तो मेला. संध्याकाळी तो आपल्या पायांनी घरी परतला तर दारात चिकन-नूडल्सची तीन मोठी भांडी, कापडात गुंडाळलेली, आणि वाल्डा चौथं घेऊन उभी. प्लेझंटने आर्डिथला फोन केला. "मेलेल्या माणसाला एवढं खाववतं असं कुणी सांगितलं तुम्हाला?" त्या दिवशी आर्डिथने साखळी पुन्हा फिरवली, "प्लेझंट जिवंत आहे, त्याच्या पोटासाठी प्रार्थना करा." यापुढे चूक झाली तर पहिल्या घराने त्याच दिवशी, त्याच वाटेने दुरुस्ती पाठवायची, असं ठरलं.

हॉलिस युनियनचा माणूस. दर निवडणुकीला डेमोक्रॅटांना मत देई, आणि दर रविवारी चर्चमध्ये मोठ्यांचा बायबलवर्ग घेई. दोन्ही गोष्टी एकाच शर्टाच्या दोन खिशांत राहाव्यात तशा राहत, आणि चर्चमधली निम्मी माणसं तशीच होती. मग पाणी मुरतं तसं काहीतरी मुरत गेलं. नक्की साल सांगता येणार नाही. रविवारच्या उपासनेच्या पत्रकात घडी केलेला आणखी एक कागद यायला लागला. कुठला उमेदवार गर्भपाताबद्दल काय म्हणतो, शाळेतल्या प्रार्थनेबद्दल काय म्हणतो. समोर दोन रकाने, होय आणि नाही. हॉलिस तो कागद बायबलात खूण म्हणून घाली. एकदा चर्चच्या पायरीवर एक डीकन, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्यांपैकी एक, त्याला म्हणाला, "हॉलिस, ख्रिस्ती माणूस त्या लोकांना मत कसं देऊ शकतो?"

"पेन्सिलीने," हॉलिस म्हणाला.

पुढच्या वर्षी बायबलवर्ग दुसऱ्याकडे गेला. हॉलिस मरेपर्यंत मागच्या बाकावर बसला. आर्डिथ त्याच्या शेजारी बसे, आणि मत मात्र कागदाप्रमाणे देई. दोघं एकाच गाडीतून मतदानाला जात, एकमेकांचं मत खोडून येत, आणि परतताना आइस्क्रीम खात.

साखळीतल्या विनंत्यांतही पित्ताशयं कमी झाली आणि न्यायाधीश वाढले. वॉशिंग्टनमधल्या कुणाकुणाची नेमणूक व्हावी, कुणाची होऊ नये, कुठला कायदा पडावा. ज्यांची नावं आर्डिथला उच्चारता येत नसत त्यांच्यासाठी ती डोळे मिटून प्रार्थना करी. त्यात तिला काही वावगं वाटलं नाही. राष्ट्राध्यक्षालाही पित्ताशय असेलच. आणि न्यायाधीशांसाठी का होईना, फोन वाजे. संध्याकाळी ऑर्व्हिल वाचून दाखवी, मग विचारी, "तुझ्याकडे पाऊस किती झाला?" दोघांच्याही अंगणात पावसाचं मोजमाप घेणारी काचेची नळी होती. ते एक-दोन मिनिटं बोलणं तिच्या दिवसातलं सगळ्यात लांब बोलणं असे.

मुलगी डेला गावातच राही, हायस्कूलच्या ग्रंथालयात काम करी. एकोणिसाव्या वर्षी तिने चर्च सोडलं, भांडण न करता, एखाद्या पंगतीतून हळूच उठून जावं तसं. पुढे लग्न केलं, तेही सोडलं. दर बुधवारी ती फोन करी, "आई, उद्या येते." गुरुवारी येई. मायलेकी बीन्स आणि मक्याचा पाव खात. गाडीचं तेल, दात, शेजारच्यांचा कुत्रा, यांवर बोलत. चर्चवर नाही, ग्रंथालयावर नाही. त्या दोन विषयांभोवती दोघींनी इतकी वर्षं कुंपण घातलं होतं की आत काय आहे हे आता दोघींनाही नीट आठवत नव्हतं.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात काही पालकांनी पुस्तकांची एक यादी शाळेत आणून दिली. ही काढा. डेलाने काढली नाहीत. त्यातलं एक पुस्तक आर्डिथने डेलाच्या घरी सोफ्यावर पडलेलं पाहिलं होतं. चार पानं वाचली. एक मुलगी होती आणि तिची आई तिच्याशी बोलत नव्हती. पुढे काहीतरी वाईट असणार म्हणून तिने ते मिटून ठेवलं. शाळा-मंडळाच्या तीन जागांची निवडणूक एप्रिलात होती, आणि जे निवडून येतील ते काय करणार हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

मार्चच्या शेवटच्या सोमवारी पास्टर ब्रदर ट्रेंट हॅस्क्यू आर्डिथच्या घरी आला. एरवी तो विनंती फोनवर सांगे. तो चांगला माणूस होता, तिचं गळकं पन्हाळं त्याने स्वतः शिडी लावून दुरुस्त केलं होतं. त्याने पायपुसण्यावर बूट पुसले, कॉफी घेतली आणि खिशातून चिठ्ठी काढली.

"सिस्टर आर्डिथ, हे मला वाल्डाकडेही देता आलं असतं. पण साखळी तुमच्यापासून सुरू होते. ही तुमच्यापासूनच सुरू व्हावी असं मला वाटलं."

चिठ्ठीत लिहिलं होतं: 'पुढच्या मंगळवारी आपल्या तिन्ही उमेदवारांना यश मिळो. आणि आपल्या मुलांच्या हाती घाण देणाऱ्यांना प्रभू शाळेतून दूर करो.'

आर्डिथने ती दोनदा वाचली. "यात नाव नाही."

"नाव लागत नाही. प्रभूला माहीत आहे."

"गावालाही माहीत आहे, ब्रदर ट्रेंट."

तो टोपी हातात फिरवत राहिला. "मला तीन मुली आहेत. थोरली पुढच्या वर्षी त्या शाळेत जाईल. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?" मग खाली बघून म्हणाला, "डेलासाठी मी रोज प्रार्थना करतो."

"नाव घेऊन?"

"नाव घेऊन."

तो खोटं बोलत नव्हता. तीच तर पंचाईत होती. खोटं बोलणाऱ्याला दार दाखवता येतं. त्याने स्वतःचा कप विसळून पालथा ठेवला आणि गेला.

आर्डिथ चिठ्ठीसमोर बसून राहिली. चाळीस वर्षांत तिने एकही विनंती अडवली नव्हती. बायकांनी नवऱ्यांची दारू साखळीत घातली, नवऱ्यांनी बायकांचा संताप. तिने सगळं जसंच्या तसं पुढे दिलं. प्रार्थनेने कुणाचं वाईट होत नाही, चुकीचं मागितलं तर देणारा चुकीचं देत नाही, असा तिचा विश्वास होता. पण त्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती आणि ती विश्वास वगैरे काही नव्हती. आपण नाही म्हटलं तर साखळी वाल्डापासून सुरू होईल, अठरा घरांतून फिरेल, आणि आपल्या घरी येणार नाही.

तिने फोन फिरवला.

वाल्डाने लिहून घेतलं. मग ते पुन्हा एकदा पुटपुटत वाचलं.

"अगं आर्डिथ, हे तू वाचतेस?"

"मीच वाचतेय."

"चष्मा लावलायस ना?"

"वाल्डा, लिहिलंस ना? मग पुढे दे."

साखळी फिरायला साधारण तीन तास लागत. आर्डिथने बीन्स निवडून भिजत घातले, मग पुन्हा निवडले. पाचच्या सुमाराला ऑर्व्हिलचा फोन आला.

"आलं माझ्याकडे," तो म्हणाला. "आज वाचून दाखवत नाही."

"नियम आहे, ऑर्व्हिल."

"नियम मीच पाडला होता, चुकून. आज चुकून मोडतो."

"वाच."

त्याने घसा खाकरला आणि वाचलं. पहिलं वाक्य बरोबर होतं. दुसरं असं होतं: 'आपल्या मुलांच्या हाती घाण देणाऱ्या डेला केसिंजरला प्रभू शाळेतून दूर करो.'

"नाव कुणी घातलं?"

"माझ्याकडे आलं ते असंच आलं. मी नाही घातलं, आर्डिथ."

"तू नाही घातलंस ते मला माहीत आहे."

पावसाचं दोघांनीही काढलं नाही.

ती खिडकीपाशी गेली. बाहेर नुसतं कुरण आणि कुंपणाचे खांब. कुठल्याशा घरात, सातव्या, अकराव्या, कुणीतरी पेन्सिल उचलली आणि तिच्या मुलीचं नाव लिहिलं. आणि पुढच्या कुणाच्या ते लक्षातही आलं नाही, कारण नाव तिथे पहिल्यापासून होतंच. तिने वाचलं तेव्हाही होतं. आपण फक्त ते मोठ्याने म्हटलं नव्हतं.

तिने चिठ्ठीच्या मागच्या बाजूला दुरुस्ती लिहिली आणि वाल्डाला फोन लावला. "लिहून घे. डेला केसिंजर माझी मुलगी आहे. तिच्यासाठी प्रार्थना करा. बाकीचं खोडा."

"बाकीचं म्हणजे किती?"

"सगळं."

"उमेदवारसुद्धा?" वाल्डाचा आवाज खाली आला. "ब्रदर ट्रेंटला विचारलंस का?"

"दुरुस्ती विचारून पाठवत नाहीत. प्लेझंटच्या वेळी कुणाला विचारलं होतं?"

"प्लेझंट जिवंत होता गं," वाल्डा म्हणाली. "आधी विचार त्यांना. मग मी देते पुढे. माझ्यावर रागावू नकोस."

साखळी दुसऱ्याच घरात तुटली. बीन्स चुलीवर चढवून आर्डिथ उभ्याउभ्याच पुढचे नंबर फिरवायला लागली. तिसरं घर, चौथं घर. एकाने सांगितलं, निवडणूक होऊन जाऊ दे, मग बोलू. एकीने ऐकून घेतलं आणि फोन ठेवून दिला. दोन घरी कुणी उचललं नाही. बाराव्या घरातली बाई एकदम दबक्या आवाजात म्हणाली, "माझा मुलगा सेंट लुईसला असतो. त्याचं नाव मी कधी साखळीत घातलं नाही. का ते आता कळलं ना तुला?"

"कळलं."

"बरं. बीन्स लागतील तुझे, ठेव आता."

शेवटी ऑर्व्हिल. त्याने लिहून घेतलं, वाचून दाखवलं, मग विचारलं, "तिच्यासाठी मागायचं काय पण?"

आर्डिथने पेन्सिल उचलली. नोकरी राहावी? ती परत चर्चमध्ये यावी? तिने काहीच बदलू नये? चाळीस वर्षं दुसऱ्यांची मागणी वाहून नेता नेता आपली स्वतःची मागणी कशी असते, तेच तिला कळेनासं झालं होतं.

"जे सुचेल ते," ती म्हणाली.

बुधवारी डेलाचा फोन आला नाही. गुरुवारी मात्र ती आली. कोट न काढता खुर्चीत बसली.

"मुख्याध्यापकांच्या बायकोने सांगितलं. फार वाईट वाटलं म्हणे तिला. वाईट वाटल्यावर माणसं किती सविस्तर सांगतात." मग तिने विचारलं, "तुझ्याकडून सुरू झालं?"

"हो."

"माझ्या नावासकट?"

"नाव नव्हतं. नाव मागून आलं." आर्डिथने तिला मूळ चिठ्ठी जशीच्या तशी म्हणून दाखवली, पदरचं काही न घालता. मग दुरुस्तीही. कुणाकुणाला फोन केले तेही सांगितलं.

डेला टेबलावरचा मक्याचा पाव चिमटीने कुसकरत होती. "म्हणजे एकदा वाल्डाला माझ्याविरुद्ध, आणि मग अठरा जणांना माझ्या बाजूने."

"विरुद्ध नव्हतं गं. प्रार्थना होती ती."

"आई, माझ्या नोकरीबद्दल देवाकडे अर्ज गेलाय, हिला काढून टाका म्हणून. त्याला तुमच्यात जे काय म्हणत असतील ते म्हण." ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर आर्डिथला काहीतरी करता आलं असतं. "ब्रदर ट्रेंट इथे येऊन बसला, हे तू मला सोमवारीच कळवू शकत होतीस. एवढे फोन केलेस. एक मला करायचा होतास."

"तुला काय सांगणार होते मी?"

डेलाने आईकडे पाहिलं, खूप वेळ, अनोळखी स्टेशनावरची पाटी वाचावी तसं. "काही नाही," ती म्हणाली. "बीन्स वाढ."

दोघींनी बीन्स खाल्ले. शेजारच्यांचा कुत्रा आजारी होता.

रविवारी उपासनेच्या शेवटी ब्रदर ट्रेंटने आर्डिथला उभं राहायला सांगितलं. सिस्टर आर्डिथने चाळीस वर्षं साखळी सांभाळली, आता तिने विश्रांती घ्यावी. यापुढे विनंत्या सगळ्यांच्या मोबाइलवर एकदम जातील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी मनापासून वाजवल्या, हे तिला ऐकू आलं. वाल्डाने तिच्या हातात फुलाची कुंडी दिली आणि तिला मिठी मारली, आणि मिठीत दोघी एकमेकींच्या पलीकडे बघत राहिल्या. आर्डिथकडे मोबाइल नव्हता. ट्रेंटला ते माहीत होतं की विसरला होता, याचा तिने फार विचार केला नाही.

मंगळवारी मतदान चर्चच्याच जेवणाच्या हॉलमध्ये होतं. तिने रांगेत उभं राहून मत दिलं. कुणाला, ते तिने कुणाला सांगितलं नाही. विचारलंही कुणी नाही. परतताना आइस्क्रीमच्या दुकानापाशी गाडी हळू केली, आणि पुढे नेली.

तिन्ही उमेदवार भरघोस मतांनी निवडून आले. मे महिन्यात नव्या मंडळाने डेलाचा करार पुढे चालू ठेवला नाही. जूनमध्ये ती तीन तासांवरच्या एका शहरात गेली, तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात. जाताना तिने नवा नंबर कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहून ठेवला. महिन्यातून एकदा फोन करी. "बरी आहेस?" "बरी आहे. तू?" मग दोघींपैकी कुणीतरी म्हणे, ठेवते.

उन्हाळा लांबला. आर्डिथ रविवारी चर्चला जाई, मागच्या बाकावर, हॉलिसच्या जागेशेजारी बसे. कुणी तिच्याशी वाईट वागलं नाही. कुणाचं ऑपरेशन झालं, कोण गेलं, हे तिला सगळ्यांनंतर कळे, चर्चच्या पायरीवर, "अगं, तुला माहीत नाही?" अशा प्रश्नातून. ऑर्व्हिल टोपीला हात लावून नमस्कार करी. त्याच्याकडे फोन करायला आता कारण नव्हतं, आणि कारणावाचून फोन करणारा तो माणूस नव्हता. ती तरी कुठे होती.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी, दुपारचे चार वाजले असतील, तिने चष्मा लावला, कॅलेंडर खिळ्यावरून काढून टेबलावर ठेवलं आणि एकेक आकडा बघत डेलाचा नंबर फिरवला. तीनदा चुकला. बोटांना दुसरेच नंबर सवयीचे होते, ती मध्येच वाल्डाच्या घराकडे वळत.

"आई?" डेलाचा आवाज घाबरलेला होता. "काय झालं?"

"काही नाही."

"पडलीस का? कोण गेलं?"

"कुणी नाही गं. कुणाचं काही नाही."

"मग?"

आर्डिथने तोंड उघडलं. हातात कागद नव्हता. वाचून दाखवण्यासारखं काही नव्हतं. पलीकडे नळ चालू होता, भांड्यावर भांडं वाजत होतं.

"भांडी घासतेयस का?" तिने विचारलं.

"हो. कामावरून लवकर आले आज." डेलाने नळ बंद केल्याचं ऐकू आलं. "ठेवू का?"

"तू घास," आर्डिथ म्हणाली. "मला घाई नाही."

मग डेलाने फोन कशावर तरी टेकवून ठेवल्याचा आवाज आला आणि पाणी पुन्हा सुरू झालं. आर्डिथ खुर्ची ओढून भिंतीपाशी बसली. एक ताटली, मग दुसरी, मग चमचे. एकट्या बाईची भांडी होती, फार नव्हती. नळ बंद होईपर्यंत काहीतरी सुचायला हवं, असा विचार करत ती ऐकत राहिली.